मच्छिंद्रची खोड

आमच्या गावात लग्नाच्या एकाही पोराला खोड नाही. ही अफवा नाही, हा ठराव आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मारुतीच्या देवळापासून फाट्यावरच्या वाल्मिकच्या टपरीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे.

त्याचं असं झालं. मुलीकडचे लोक पोरगा बघून गेले की काही दिवसांनी त्यांचा एक माणूस गुपचूप गावात येतो. याला चौकशी म्हणतात. तो स्वतः कधीच चौकशीला आलोय असं म्हणत नाही. तो कांदा बघायला आलेला असतो, बोकड बघायला आलेला असतो, नाहीतर वृद्धेश्वरच्या दर्शनाला जाताना रस्ता चुकलेला असतो. टपरीवर चहा फुंकत फुंकत म्हणतो, “इकडं पाण्याचं कसंय?” आणि मग कप खाली ठेवता ठेवता, “ते अमक्याचं पोरगं काय करतं हो?”

पूर्वी लोक खरं सांगायचे. मग एकाने दुसऱ्याच्या पोराचं खरं सांगितलं, दुसऱ्याने पहिल्याच्या पोराचं, आणि दोन्ही लग्नं मोडली. आता घरटी एक तरी तिशीतला नवरदेव पडून असल्यामुळे गावाने शहाणपणा केला. कुणीही, कुणाच्याही पोराबद्दल विचारलं तरी उत्तर एकच: “निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय, मान वर करून बघत न्हाई.” आमचा गोरक्षनाथ मागच्या वर्षी दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढला आणि दुपारपर्यंत उतरला नाही. त्याचंही ‘मान वर करून बघत न्हाई’ असं सांगूनच लग्न जमलं. त्यात खोटं काही नव्हतं. टाकीवरून तो खालीच बघत होता.

मी समर्थ. मच्छिंद्र माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. त्याचं झाल्याशिवाय माझा नंबर लागणार नाही, त्यामुळे या प्रकरणात मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

मच्छूदादाला खरोखरच दारू, तंबाखू, मावा यातलं काही नाही. गाई आहेत, बाजरी-तूर आहे, थोडा कांदा आहे. फक्त एक सायकल आहे. नगरला शिकायला असताना कुणाकडून तरी जुनी घेतलेली, रेसची. तिच्या टायरात ट्यूब नाही. ट्यूब नसलेला टायर बसवणं ही वेगळीच भानगड असते. टायर रिमला घट्ट चिकटला तर त्यात हवा राहते, आणि हवा राहिली तरच तो चिकटतो. हातपंपाने हळूहळू हवा मारत बसलं तर ती कडेने फुसफुस करत निघून जाते. एकदम, एका दमात, मोठी हवा आत गेली तर टायर दचकतो आणि रिमला जाऊन बसतो. त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो. तो फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आहे, पण आमच्याकडे लाईट असेल तर पंक्चरवाला नसतो आणि पंक्चरवाला असेल तर लाईट नसते.

म्हणून दादाने कपाशीवर फवारायचा आमच्या आजोबांचा पितळी पंप घेतला. त्याच्या बुडाला सायकलचा वॉल्व्ह डाख देऊन बसवून घेतला, तोंडाला पितळी कॉक आणि रबरी नळी लावली. हातपंपाने त्या टाकीत हवा कोंबत बसायचं. मग नळी टायरला लावायची, कॉक उघडायचा. सगळी हवा एका श्वासात आत जाते आणि टायर बसताना असा आवाज होतो की गोठ्यातल्या गाई आमच्याकडे बघतात. गोळीबारासारखा. दोनदा. टायरला दोन कडा असतात.

दादाचं पहिलं स्थळ नेवाशाकडचं होतं. त्यांचा चौकशीचा माणूस गोठ्यापाशी आला आणि नेमका आत टायर बसला. तो माणूस बोकड बघायला आला होता. बोकड न बघता गेला.

त्या दिवसापासून मालनकाकूने, म्हणजे दादाच्या आईने, पंप गोधड्यांच्या ढिगात आणि सायकल कडब्यात घातली. “लगीन होईस्तोवर ह्यातलं काय बाहेर दिसलं तर बघ,” ती म्हणाली. “लोकं म्हनत्यात पोरगं घरात बॉम्ब करतं.”

“आई, हवा हाय ती.”

“मग बॉम्बात काय आसतं?”

दादा वैरण टाकायला गेला. मीही त्याच्या मागे गेलो.

दुसरं स्थळ कोपरगावचं आलं. मुलगी आरती, तिकडे रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. हे ऐकून काकूलाच संशय आला. बागायती मुलखातली, शिकलेली, कमावती पोरगी आमच्या दुष्काळी पाथर्डी तालुक्यात द्यायला निघालेत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आम्ही तिच्या गावी चौकशीला एक मामा पाठवले. त्यांनी येऊन सांगितलं, “पोरगी निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय.” काकू म्हणाली, “बघ. त्यांच्यातबी ठराव झालेला दिसतोय.”

बघण्याच्या कार्यक्रमात आरतीने एकच प्रश्न विचारला. पोह्यांची बशी बाजूला सारून सरळ दादाकडे बघत म्हणाली, “तुम्हाला कशाचा नाद आहे?”

दादाने काकूकडे बघितलं. काकूने दाराकडे. दादा म्हणाला, “कशाचाच न्हाई.”

आरतीने मान हलवली. त्यानंतर तिने पोह्यांना हातही लावला नाही. “कळवतो,” असं म्हणून ते लोक गेले आणि त्यांचा निरोप काही येईना.

मग गाव कामाला लागलं. कोपरगावची चौकशी कोणत्या रूपात येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून वाल्मिकने फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला संशयित धरलं. पूर्वी लोक विचारल्यावर सांगायचे. आता विचारायच्या आधी सांगू लागले. गॅसच्या टाक्यांची गाडी घेऊन आलेल्या माणसाने पत्ता विचारला, तर त्याला पत्त्याबरोबर मच्छिंद्रचा स्वभावही मिळाला.

त्या शुक्रवारी मी घरी दाढी करत होतो. वाल्मिकचा फोन आला. त्याने फक्त एक शब्द उच्चारला.

“आला.”

“कोण?”

“चड्डीवर आलाय.”

मी अर्धी दाढी तशीच ठेवून फाट्यावर गेलो. टपरीसमोर एक माणूस उभा होता. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, अंगाला चिकटलेला पिवळा शर्ट आणि खाली तसलीच तोकडी चड्डी. शेजारी आडवी पडलेली सायकल. तिच्या पुढच्या टायरमधून पांढरं दूध गळत होतं. ते पंक्चर बुजवायचं औषध असतं, मला माहीत होतं. टपरीवरच्या लोकांना नव्हतं, आणि ते बाकावरून उठून त्या दुधाभोवती उभे होते.

बाकावर दुसरं कुणी नव्हतं, फक्त एक वयस्कर गृहस्थ मिक्सरचं भांडं फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. फाट्यावर शुक्रवारी मिक्सर दुरुस्तीवाला यायचा, त्याची वाट बघत असायचे. गेले दोन शुक्रवार तो आला नव्हता. गृहस्थ मात्र येत होते.

वाल्मिकने मला टपरीच्या मागे ओढलं. “बघितलं? एवढं तोकडं घालून कोण चौकशीला येतं का?”

“न्हाई येत.”

“म्हंजे तोच हाय. कुनाला संशय येऊ नये म्हनून घातलंय.”

“अरे, टायर उतरलाय त्याचा.”

“समर्थ, इचार कर. एवढा मोठा रस्ता. नगरपासून पाथर्डीपर्यंत. त्यात ह्याचा बिगरट्यूबचा टायर नेमका आपल्या फाट्यावर उतरतो. आनि बिगरट्यूबच्या टायराचा पंप नेमका कुनाकडं हाय?” त्याने आवाज अजून खाली आणला. “नेवाशातून बातमी गेलीय कोपरगावला. सापळा हाय हा. मच्छिंद्रनं पंप काढला की लगीन मोडलं.”

हे ऐकायला मूर्खपणाचं होतं. पण मी जितका विचार केला तितकं ते जमत गेलं.

सायकलवाला घाम पुसत पुढे आला. “नमस्कार. मी करण, नगरहून आलोय. वृद्धेश्वरला निघालो होतो. इथे कॉम्प्रेसर आहे का कुणाकडे?”

वाल्मिकने माझ्याकडे बघितलं. वृद्धेश्वर.

“लाईट न्हाई,” वाल्मिक म्हणाला.

“कधी येईल?”

“ते लाईटला इचारा.”

“मग हवा भरायचं दुसरं काही, कुणाकडे तरी?”

“मच्छिंद्रकडं काय पन न्हाई,” वाल्मिक म्हणाला. “कर्ज न्हाई, व्यसन न्हाई, कॉम्प्रेसर न्हाई.”

करणने गॉगल काढला. “मच्छिंद्र कोण?”

“बघा. लगेच इचारलं,” वाल्मिक मला म्हणाला, करणला ऐकू जाईल इतक्या हळू.

मी संशय घ्यायचा नाही असं ठरवून करणला विचारलं, “तुमी लोक जवळ एक ट्यूब ठेवता ना, अडचणीला?”

“होती. घाटात मित्राला दिली, त्याला लागली. तो पुढे गेलाय.”

“मित्र दिसत न्हाई,” वाल्मिक म्हणाला.

“पुढे गेलाय म्हटलं ना.”

“व्हय. तेच म्हनतोय.”

तेवढ्यात डेअरीला दूध घालून मच्छूदादा आला. मोटारसायकल लावली आणि त्याची नजर त्या पडलेल्या सायकलवर गेली. भुकेलेल्या माणसाची नजर जेवणावर जावी तशी. दोन महिने त्याने स्वतःची सायकल कडब्याबाहेर बघितली नव्हती. मी मध्ये उभा राहिलो, पण तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

“दादा, घरी जा,” मी कानात म्हणालो. “कोपरगावची चौकशी हाय.”

“ह्या कपड्यांत?”

“त्याचमुळं.”

करणने छोटा हातपंप लावला आणि मारायला लागला. टायरच्या कडेने फुसफुस होत होती. तो मारत होता, हवा जात होती. दादाच्या हाताची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. वाल्मिकने त्याच्या हातात चहा दिला. दादाने तो न बघता वाल्मिकलाच परत दिला.

करण म्हणाला, “तुम्हाला कळतं का हो यातलं?”

“न्हाई,” दादा म्हणाला. “आपल्याला सायकलीतलं काय कळत न्हाई.”

“बरं.” करण पुन्हा मारायला लागला.

दादा मोटारसायकलपर्यंत गेला आणि परत आला. मग म्हणाला, “वॉल्व्हच्या आतली सुई काढून मारा. वाट मोठी मिळती.”

वाल्मिकने डोळे मिटले.

“मान वर करून बघत न्हाई तो,” वाल्मिक करणला घाईघाईने म्हणाला. “कुनीतरी सांगितलेलं ऐकून सांगतोय.”

करणने सुई काढली, पुन्हा मारलं. फुसफुस थोडी कमी झाली, पण टायर काही बसला नाही. तो रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसला. “माझ्या घरी सांगितलंय दुपारपर्यंत येतो म्हणून,” तो कुणाला तरी, बहुतेक टायरला, म्हणाला.

मालनकाकूला कुणीतरी फोन केला असणार. ती पदर खोचून चालत आली आणि थेट दादासमोर उभी राहिली. “घरी चल.”

“आई, मानूस अडकलाय.”

“मानूस न्हाई त्यो, कोपरगाव हाय.”

“आसंल. पर टायर खरा हाय.” दादाने टायरकडे बोट दाखवलं. “टायर खोटं कसं बोलंल? बिचारा कधीचा दम खातोय. आनि गोधडीत पंप पडलाय माझा.”

“पंप काढलास तर ह्येबी स्थळ गेलं म्हनून समज. मग मला सांगायचं न्हाई.”

दादा मोटारसायकलवर बसला. आम्हाला वाटलं घरी चालला. घरीच गेला. पण परत आला तेव्हा मांडीवर तो पितळी पंप होता, आजोबांचं नाव कोरलेला, आणि पंपाच्या नळीला एक गोधडी अडकून तशीच फरपटत आलेली.

काकू बाकावर बसली, मिक्सरच्या भांड्याच्या गृहस्थांशेजारी. “झालं,” ती त्यांना म्हणाली. बाकीचे सगळे सायकलीभोवती होते.

“काय झालं?” गृहस्थांनी विचारलं.

“लगीन मोडलं माझ्या पोराचं.”

“कुनाशी?”

“त्या चड्डीवाल्याच्या पावन्यांशी.”

गृहस्थांनी भांडं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि नीट पुढे सरकून बसले.

दादाने वाल्मिककडून भांडी घासायचं साबणपाणी मागून टायरच्या कडेला फासलं. मग टाकीत हवा कोंबायला सुरुवात केली. कोंबता कोंबता तो बोलायला लागला. मी माझ्या आयुष्यात दादाला इतकं बोलताना ऐकलेलं नाही. साबणपाणी का लावायचं, नळी आखूड का पाहिजे, पहिल्यांदा प्लास्टिकची बाटली वापरली तर ती कशी फुगून भोपळा झाली, पितळ का चांगलं. करण ऐकत होता, मध्येच “अरे वा” म्हणत होता. वाल्मिक मध्येच “निर्व्यसनी हाय” म्हणत होता, पण त्यात आता दम नव्हता.

“मागं व्हा,” दादा म्हणाला आणि कॉक उघडला.

धाड. आणि लगेच दुसरं, धाड.

पिंपळावरचे कावळे उठले. पंक्चरवाला, जो आज नाहीये असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, दुकानाच्या आतल्या खाटेवरून बाहेर आला. टायर गोल, ताठ, जागच्या जागी. दादाने दोन बोटांनी त्यावर टिचकी मारली, कलिंगड बघतात तशी.

करणने दादाला मिठीच मारली. सायकलवर बसला. तेव्हा वाल्मिकला राहवलं नाही. “मग काय कळवनार तुमी?”

“कुणाला?”

“कोपरगावला.”

“कोपरगावला माझं कुणी नाही,” करण म्हणाला. “मी बँकेत असतो. येतो हां. फार उपकार झाले.” आणि वृद्धेश्वरच्या दिशेने खरोखरच निघून गेला. वळणावर दुसरा एक पिवळा शर्ट उभा होता. मित्र.

काकूच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग राग, मग दोन्ही. वाल्मिक म्हणाला, “म्हंजे कुनीच न्हवता. वाचलो.”

“वाचलात का ते बघू,” बाकावरचे गृहस्थ म्हणाले आणि उठले. फडकं सोडून भांडं वाल्मिकच्या हातात दिलं. “हे आत ठेवा. तीन शुक्रवार सांभाळून हात दुखला.”

“दुरुस्त न्हाई करायचं?”

“त्याला काय झालंय? नवं हाय.” त्यांनी टोपी नीट केली. “मी रंगनाथ. कोपरगावचा. आरतीचा मामा.”

काकूने पदर डोक्यावर घेतला. उशीर झाला होता, पण घेतला.

“पावनं, तुमी आमाला काही इचारलंच न्हाई,” वाल्मिक म्हणाला. त्याच्या आवाजात फसवणूक झाल्याचं दुःख होतं.

“इचारायची येळच आली न्हाई,” मामा म्हणाले. “पयल्या शुक्रवारी बसतोय न बसतोय, तर तुमी एका बोकडवाल्याला सांगत होता, मच्छिंद्र मान वर करून बघत न्हाई. पुढच्या शुक्रवारी गॅसवाला. तेच. गिरनीत गेलो, दळन टाकायला आलेल्या बाया एकमेकींना तेच सांगत होत्या. देवळापुढं एवढंसं पोरगं गोट्या खेळत होतं. माझ्याकडं बघून म्हनलं, मच्छिंद्रकाका निर्व्यसनी हाय. मला घाम फुटला हो. न इचारता गाव एवढं सांगतंय म्हंजे प्रकरन केवढं मोठं आसंल?”

वाल्मिकने हातातलं भांडं हळूच फळीवर ठेवलं.

“रात्री झोप न्हाई मला. म्हनलं, तिशी उलटलेला मानूस, आनि एक खोड न्हाई? निदान घोरतो तरी म्हना. कुनाशी भांडतो म्हना. तिकडं आरती म्हनली, मामा, त्याला कशाचा तरी नाद आसनारच. चांगला आसंल तर सांगा, वाईट आसंल तरी सांगा. काहीच न्हाई म्हनतो तो मानूस एकतर खोटारडा हाय, न्हाईतर रिकामा. दोन्ही मला नकोत.”

काकूने पहिल्यांदा दादाकडे आईसारखं नाही, आरोपीच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या आरोपीसारखं बघितलं.

मामा पंपाजवळ उकिडवे बसले. त्यावरून हात फिरवला, कॉक उघडून बघितला, नळीत डोळा लावला. बराच वेळ. शेवटी विचारलं, “एवढंच ना? ह्याच्या मागं आनखी काय न्हाई?”

“एक सायकल हाय. कडब्यात,” दादा म्हणाला.

“आनि?”

“सायकलीला दोन टायर हायत.”

मामांनी मोठा श्वास सोडला. “सापडली बाबा खोड,” ते म्हणाले, आणि तिथेच खाली बसून चहा मागवला. त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा झाला होता. मग त्यांनी फोन लावला. “आरती, नाद सापडला. हवा कोंबतो. न्हाई, न्हाई, पितळी पंपात. थांब, त्यालाच देतो.” फोन स्पीकरवर होता.

“तुम्ही मला खोटं का सांगितलंत?” आरतीचा आवाज आला.

“आईनं सांगितलं हुतं,” दादा म्हणाला.

“आणखी काय काय सांगायचं नाही म्हणून सांगितलंय आईंनी?”

काकू लगबगीने पंपात अडकलेली गोधडी सोडवायला लागली.

“बाकी काय न्हाई. एवढंच.”

“बरं. त्या पंपाचा आवाज केवढा येतो?”

दादाने सांगायला सुरुवात केली. आवाजापासून तो कडांवर आला, कडांवरून साबणपाण्यावर. पलीकडून आरती म्हणाली, “पण मग एकदम हवा सोडल्यावर ते औषध बाहेर उडत नाही का?” हा प्रश्न दादाला आजवर कुणी विचारला नव्हता. तो फोन घेऊन पिंपळाखाली गेला. मामांच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत तिथेच होता. बॅटरी संपल्यावर माझा फोन घेऊन गेला.

साखरपुडा कोपरगावलाच झाला. मामा दादाला एकेका पाहुण्यापुढे नेत होते आणि अभिमानाने सांगत होते, “पोरगा चांगला हाय, फक्त हवेचं येड हाय.” आणि पाहुणे माना डोलवत होते, लग्नात काही लपवलेलं नाही याचं समाधान मानत. काकूने जावेला हळूच म्हटलं, पोरीला काय खोड आहे ते अजून कळलं नाही. जाऊ, म्हणजे माझी आई, म्हणाली, “तुझा पोरगा पसंत केला, अजून काय पाहिजे?”

आता नंबर माझा. गावाने ठराव बदललाय. यापुढे प्रत्येक पोराला एक खोड द्यायची, छोटी, सहन होणारी, पण खरी वाटणारी. माझ्यासाठी टपरीवर बैठक झाली. मी उशिरा उठतो, हे वाल्मिकला कमी वाटलं. मयतीला हसतो, हे काकूला जास्त वाटलं. गोरक्षनाथने टाकी सुचवली. शेवटी एकमत न झाल्यामुळे सगळ्याच खोडी ठेवायचं ठरलं.

पुढच्या शुक्रवारी फाट्यावर एक माणूस उतरला, खांद्याला पिशवी, हातात पाना. वाल्मिकने त्याला बसवलं, चहा दिला, आणि त्याने पहिला घोट घ्यायच्या आत सांगितलं, “समर्थ उशिरा उठतो, मयतीला हसतो, आनि एकदा टाकीवर चढला हुता.”

माणसाने घोट गिळला. पिशवी उघडून त्यातून मिक्सरची पाती काढली आणि फडक्यावर ओळीने मांडली.

“भांडं आणा,” तो म्हणाला.

वाल्मिक माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “बघ. लई तयारीचा हाय.”